चार बोटांची चीर

प्रिय दादा,

नऊ दिवस झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. काल वहिनीचा आला. आधी तिने माझ्या तब्येतीची चौकशी केली, मग हवापाण्याची, आणि मग एकदम रडायला लागली. म्हणाली, तू जेवताना बोलत नाहीस, ताटातलं अर्धं टाकून उठतोस, आणि आई मागच्या खोलीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की धाकटीने भावाच्या पोटावर पाय दिला. एवढं सांगून झाल्यावर तिने मला विचारलं की मी नेमकं केलंय तरी काय. म्हणजे तू तिला तेवढंही सांगितलेलं नाहीस. नुसता फुगून बसला आहेस. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही ही म्हण आपल्या घरात कुणी आपल्याकडे बघूनच केली असावी. असो. पत्र तुझ्या नावाने आहे, पण ते आधी वहिनी उघडणार हे मला ठाऊक आहे, कारण तुझ्या घरातली सगळी पाकिटं तीच उघडते. म्हणून तुला पाठ असलेल्या गोष्टीही मी तिच्यासाठी नीट समजावून लिहिणार आहे. त्या ओळी तू गाळल्यास तरी चालेल. गाळणार नाहीस, कारण मी कुठे चुकते ते शोधायला तू त्या दोनदा वाचशील.

तर वहिनी, हे तुझ्यासाठी. नदीकाठच्या त्या नव्या अकरा मजली इमारतीला पर्यावरणपूरक बांधकामाचं प्रमाणपत्र हवं आहे. ते मिळायचं तर बऱ्याच परीक्षा द्याव्या लागतात, त्यातली एक खिडक्यांची. खिडकी बंद असताना तिच्या फटींतून किती हवा आत शिरते ते मोजायचं. हवा शिरली की खोली गरम ठेवायला किंवा गार ठेवायला लागणारी वीज फुकट जाते, आणि मग गच्चीवर कितीही झाडं लावली तरी ती शोभेचीच. आमची संस्था हे मोजायचं काम करते. खिडकीच्या आतल्या बाजूने आम्ही पेटीसारखं एक आवरण बसवतो आणि पंख्याने त्यातली हवा ओढून घेतो, म्हणजे बाहेर जोराचा वारा सुटावा तसा दाब खिडकीवर येतो. किती हवा आत आली ते यंत्र सांगतं. या इमारतीसाठी ठरलेली मर्यादा आहे खिडकीच्या दर चौरस मीटरला सेकंदाला दीड लिटर. तीनशे चाळीस खिडक्यांतून चिठ्ठ्या टाकून तीन निवडायच्या आणि त्या तिघींवरून सगळ्यांचा निकाल लावायचा. चिठ्ठीत तिसऱ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावरची एकेक निघाली.

तिसऱ्या मजल्यावरची झडप मी उघडली आणि चौकटीच्या आतल्या कडेला, दादा, तुझ्या कारखान्याचा निळा स्टिकर दिसला. कागदांवर भलत्याच पुरवठादाराचं नाव होतं. तू त्याला खिडक्या करून देतोस हे मला ठाऊक नव्हतं. आमचा नियम असा की नात्यातल्या माणसाचा माल दिसला तर यंत्र गुंडाळायचं आणि ऑफिसला कळवायचं, दुसरं कुणीतरी येतं. मी गुंडाळलं नाही. हा गाढवपणा सर्वस्वी माझा, आणि तो का केला तेही लिहून टाकते. मला तुझ्या खिडक्या पास होताना बघायच्या होत्या. मी सांधे बघितले, केस शिरणार नाही असे कापलेले. बिजागऱ्या हलवून बघितल्या. मनात म्हटलं, आज आकडा असा येईल की बिल्डरचा इंजिनियर तोंडात बोट घालेल. आकडा आला पावणेतीन. मी पेटीच्या कडा पुन्हा चिकटवल्या, पुन्हा मोजलं, पुन्हा पावणेतीन. सातव्या मजल्यावर अडीच. दहाव्यावर तीनला जरासा कमी. तोंडात बोट घालायची पाळी माझ्यावरच आली.

इंजिनियरने आधी यंत्राला दोष दिला, नाचता येईना अंगण वाकडं. त्याच्यासमोर यंत्र पडताळून दाखवलं तेव्हा तो एकदम गोड झाला आणि म्हणाला की दुसऱ्या मजल्यावर तीन खिडक्या खास तयार करून ठेवल्या आहेत, त्या मोजा आणि मोकळ्या व्हा. मी जाऊन बघितल्या. कोपऱ्यांत पारदर्शक सिलिकॉन भरलेलं आणि खालच्या पट्टीतली पाणी निचरायची भोकंसुद्धा बुजवलेली. त्यातून हवा जाणार नाही हे खरं, पण जोराचा पाऊस आला की पाणी चौकटीत साठणार आणि माणसांच्या घरात उतरणार. मी सांगितलं की चिठ्ठीत निघालेल्या तीन खिडक्यांचाच निकाल लिहिला जाईल. तो म्हणाला, बाई, तुम्ही फार ताणता. ताणते. त्याच कामासाठी मला बोलावतात.

दोष कुठे आहे ते मला यंत्राने नाही, हाताने सांगितलं. पंखा चालू ठेवून मी हाताची मागची बाजू ओली केली आणि झडपेच्या कडेने फिरवत नेली. सरळ कडांना काही नाही. चारही कोपऱ्यांत मात्र गार वारा. बॅटरी मारली तर कोपऱ्यातल्या रबराची दोन टोकं एकमेकांपासून नखभर लांब गेलेली. वहिनी, झडपेच्या कडेला एक खाच असते आणि तिच्यात रबराची पट्टी बसवतात. झडप लावली की ती पट्टी दबते आणि फट मिटते. ही पट्टी जरा जास्तच लांब कापायची आणि अंगठ्याने ढकलत ढकलत खाचेत बसवायची असते. फार वेळखाऊ काम, संध्याकाळी अंगठे सुजतात. घाई असली की माणसं तिचं एक टोक अडकवतात आणि दुसरं ओढतात, की ती सर्रकन बसते. दिसायला काही फरक नाही. कारखान्यातल्या तपासणीत पासही होते. पण ओढलेलं रबर दोन-तीन आठवड्यांत आपल्या मूळ लांबीवर परत येतं आणि कोपरे उघडे पडतात. दादाच्या खिडक्या कारखान्यातून निघाल्या तेव्हा खरोखर उत्तम होत्या. भिंतीत बसेपर्यंत तशा राहिल्या नव्हत्या.

त्या संध्याकाळी मी तुला फोन केला, दादा. कागदावरून कळण्याआधी तुला माझ्या तोंडून कळावं असं वाटलं. तेही नियमात बसत नाही, पण त्या दिवशी मी नियमांच्या बाबतीत हात सैलच सोडला होता. तू शांतपणे ऐकून घेतलंस. रबराचं सांगितलं तेव्हा म्हणालास, आमच्याकडे कुणी ओढत नाही. मग म्हणालास की सगळी रबरं काढून पुन्हा बसवायला तीन आठवडे लागतील आणि इमारत ताब्यात द्यायची तारीख बारा दिवसांवर आहे. ती चुकली तर हा पुरवठादार पुन्हा दारात उभं करणार नाही आणि तुला बावीस माणसांना घरी बसवावं लागेल. मग तू हलक्या आवाजात म्हणालास की पुन्हा मोजायला जाशील तेव्हा प्लास्टिकला चार बोटांची चीर दे, सगळे तपासणीवाले देतात, कोण बघायला येतंय. मी नाही म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून तुझ्या लेखी मी शिकून शिंगं फुटलेली, उपकार विसरलेली बहीण आहे.

वहिनी, ही चीर काय असते तेही ऐकून ठेव, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. मोजताना आधी खिडकीवर प्लास्टिकचा कागद चिकटवून ती पूर्ण झाकतात आणि पंखा लावतात. तेव्हा जी हवा येते ती खिडकीतून नसते, आमच्या पेटीच्या कडांतून किंवा भिंतीच्या भेगांतून आलेली असते. मग प्लास्टिक काढून पुन्हा मोजतात. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला की उरते ती खिडकीची गळती. आता त्या प्लास्टिकला कोपऱ्यात, चिकटपट्टीच्या आड, चार बोटं कापलं की खिडकीतून येणारी हवाही पहिल्याच आकड्यात मोजली जाते आणि वजा होऊन जाते. चोरी खिडकीची, आळ भिंतीवर. कागदावर खिडकी अगदी साळसूद. ब्लेडचं एकच काम, आणि प्लास्टिक नंतर चुरगाळून फेकूनच द्यायचं असतं, त्यामुळे पुरावा म्हणून काही उरत नाही.

नाही म्हणताना माझा आवाज चढला होता, त्याचं मला वाईट वाटतं. नाही म्हटल्याचं वाटत नाही. दादा, मला हे काम शिकवलं कुणी? बाबांनी नाही. बाबा चांगले सुतार होते, पण खिडकी बसली, लागली, उघडली की त्यांचं समाधान व्हायचं. तू पंधरा वर्षांचा होतास आणि मी नऊ. खिडकी बसवून झाली की तू मला बोलवायचास, माझी मूठ पाण्यात बुडवायचास आणि कडेने फिरवायला लावायचास. माझी कातडी पातळ, मला लगेच गार लागायचं. जिथे लागेल तिथे मी खडूने रेघ मारायची. मी काटकुळी होते आणि नेमकं टोचेल ते बोलायचे, म्हणून टाचणी हे नावही तूच ठेवलंस. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंच्या घरी मी एकच बारीकशी रेघ मारली होती, आठवतं? दिवस मावळायला आला होता, बाबा अवजारं गोळा करत होते. ते म्हणाले, जाऊ दे, तिला काही कळणार नाही. तू म्हणालास, टाचणीला कळलंय. आणि अख्खी चौकट पुन्हा उचकटलीस. बाबांनी घरी येईपर्यंत तुला शिव्या दिल्या आणि घरी आल्यावर आईला सांगितलं की पोरगं माझ्या पुढे जाणार. पुढे मी पाच वर्षं तुझ्याच कारखान्यात रबर बसवलं, तुझ्याकडून ओरडा खात. मोजणीचा अभ्यासक्रम कर म्हणून मागे लागलास तोही तूच. हाताला वारा कळतो तर कागदावर मांडायलाही शीक, म्हणालास. आता शिकले तर तुला जड जातंय.

पण मी फक्त तुला सुनावायला बसलेले नाही. तसं असतं तर एका पोस्टकार्डात भागलं असतं. आता शाळेकडे येते. ते वाचताना तू उठून जाशील, पण परत येऊन वाच.

वहिनी, शाळा म्हणजे मोठ्या रस्त्यालगतची ती तीन मजली प्राथमिक शाळा, दादाचं पहिलं मोठं काम. बेचाळीस खिडक्या. सहा वर्षांपूर्वी, नात्याचा नियम यायच्या आधी, त्या मीच मोजल्या होत्या आणि त्या पहिल्याच झटक्यात पास झाल्या होत्या. ही गोष्ट तू दादाच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहेस की तुला ती त्याच्यापेक्षा चांगली सांगता येईल. तर आमच्याकडे प्रमाणपत्राचं नूतनीकरण असलेल्या इमारतींची यादी येते. यंदा तिच्यात ही शाळा होती. नुसती पाहणी करायची होती, मोजायचं नव्हतं, आणि ती मी मागून घेतली. नदीकाठच्या इमारतीच्या दहा दिवस आधीची ही गोष्ट. फाटकातून आत गेलं की हिरव्या अक्षरांची पाटी आहे, शाळेला कुठला दर्जा मिळाला ते सांगणारी. रस्त्यावरून ट्रक जात होते, वारा होता. दुसऱ्या मजल्यावर चौथीचा वर्ग. त्या वर्गाच्या बाईंनी खिडक्यांच्या कोपऱ्यांत जुन्या उत्तरपत्रिकांच्या घड्या कोंबल्या होत्या, बारीक, नीट, पट्टीने दुमडलेल्या. तरीही आतल्या कठड्यावर धूळ होती आणि तिच्यात कुणीतरी बोटाने बदक काढलं होतं. मी विचारलं. बाई ओशाळल्या. म्हणाल्या, खिडकीजवळच्या बाकावर थंडीत आणि वाऱ्यात कुणी बसायला तयार नसतं, म्हणून त्यांनी आठवड्याला बाक बदलायची पद्धत पाडली आहे. मुलं तिला वाऱ्याची पाळी म्हणतात. ज्यांची पाळी असते त्यांनी घरून जाड स्वेटर आणायचा. त्या आठवड्यात तिथे दोन मुली होत्या. एक अंगातल्या स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून लिहीत होती, त्यामुळे तिचं अक्षर ओळ सोडून चाललं होतं. दुसरी खोकत होती.

मी बाईंना विचारलं की तुम्ही तक्रार का नाही केली. त्यांनी मला फाटकातल्या पाटीची आठवण करून दिली. खिडक्या उत्तम आहेत हे मोजून ठरलेलं आहे, तसा कागद ऑफिसात आहे, तेव्हा आपल्यालाच त्या नीट लावता येत नसणार असं त्यांना वाटत होतं. सहा वर्षं त्या मुलांना झडप जोरात लावा म्हणून रागावत होत्या. एका मुलाचं बोट चेंगरलं तेव्हापासून त्या स्वतःच लावतात. दादा, त्यांनी माझा अपमान केला असता तरी चाललं असतं. त्यांनी मला चहा दिला.

कारण तो कागद माझा होता. शाळेच्या पहिल्या खिडकीचा आकडा तेव्हा सव्वादोन आला होता. दुसरीचा दोनच्या वर. मी जिन्याच्या खिडकीतून खाली बघितलं तर तू अंगणात नवा शर्ट घालून उभा होतास आणि कुणाला तरी हातवारे करून चौकटी कशा बसवल्या ते सांगत होतास. खाली उतरून तुला नापास म्हणायची माझी हिंमत झाली नाही. माझ्याबरोबरचा माणूस गाडीतून वायर आणायला गेला होता. मी पहिल्या खिडकीवर प्लास्टिक पुन्हा चिकटवलं, खिशातून ब्लेड काढलं आणि त्याला चीर दिली. चार बोटांची. मग दुसऱ्या खिडकीला, मग तिसऱ्या. मला ते कुणी शिकवलेलं नव्हतं आणि तू मागितलेलं नव्हतंस. तुला कळलंसुद्धा नाही. खाली आल्यावर तू माझ्या डोक्यात टपली मारलीस आणि म्हणालास की माझ्या खिडक्यांना तुझ्या यंत्राची गरजच नव्हती. मी हसले. राखणीला बसवलेल्या कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि वर हसत होतं.

म्हणून फोनवर तू चीर म्हणालास तेव्हा मी पटकन उत्तर दिलं नाही. तुला वाटलं असेल की मी विचार करते आहे. मी घाबरले होते. मला वाटलं तुला सहा वर्षं माहीत होतं. मग लक्षात आलं की नाही, हा बिचारा कुठेतरी ऐकलेली युक्ती सांगतोय. तू मला खोटं करायला सांगत होतास आणि तुला हे ठाऊक नव्हतं की तुझी सगळी कीर्ती त्याच खोट्यावर उभी आहे.

आता खरी गोष्ट. शाळेचं काम झाल्यावर तुझ्याकडे कामं वाढली, तू माणसं वाढवलीस. दर नव्या माणसाला तू काय सांगतोस ते मी स्वतः ऐकलं आहे. शाळेसारखं करा, म्हणतोस. मग त्यांनी काय केलं? शाळेसारखंच केलं. शाळेच्या खिडक्यांचे कोपरे मी त्या दिवशी चहा झाल्यावर बघितले. नखभर. तेव्हा वाटलं, ही त्या एका कामापुरती चूक असेल; पण तिथेही रबर ओढलेलं होतं, तुझ्या पहिल्या घाईच्या ऑर्डरीपासून ओढतच होते, आणि तुला ते सांगणारं एकच माणूस होतं, ते गप्प बसलं. त्या वर्षी मी नापास लिहिलं असतं तर तू महिनाभर मला शिव्या घातल्या असत्यास. मग एक दिवस माणसांच्या मागे जाऊन उभा राहिला असतास, ओढणारा हात पकडला असतास आणि सगळ्यांना अंगठे सुजवायला लावलं असतंस. मी तुला ओळखते. बेचाळीस खिडक्यांत निस्तरलं असतं ते आज तीनशे चाळीस खिडक्यांवर गेलं. आईला सांग, भावाच्या पोटावर पाय मी दिलाच आहे, पण आत्ता नाही. सहा वर्षांपूर्वी दिला, आणि त्या दिवशी ती शेजारणींना बोलावून माझं कौतुक करत होती.

तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. म्हणशील, झालं ते झालं, उकरून कुणाचं भलं होणार. म्हणशील, लोक भिंतीत नुसती वाळू भरतात आणि तू नखभर फटीसाठी घर मोडायला निघालीस. म्हणशील, तुला कुणी पकडलेलं नाही. बरोबर, कुणी पकडलेलं नाही. पकडल्यावर कबूल करायला काय लागतं? आणि लोक वाळू भरतात म्हणून आपण कमी वाळू भरली याचं कौतुक मी कुणाकडे मागू, त्या चौथीच्या बाईंकडे? नदीकाठच्या अकरा मजल्यांत माणसं राहायला येतील. त्यांनाही वाटेल की कागद खरा आहे, आपल्यालाच खिडकी लावता येत नाही. ते रजया घेतील, फटीत कागद कोंबतील आणि एकमेकांवर चिडतील. माझी सही असलेल्या कागदामुळे आता आणखी कुणाला असं वाटलेलं मला चालणार नाही. तू रागाव, आईने माझं नाव टाकावं, बिल्डरने मला आडमुठी म्हणावं. तुझ्यावर माझा जीव आहे, दादा, तो कमी झालेला नाही, पण तो आता मी ब्लेडने दाखवणार नाही. बावीस माणसांचा विचार मीही केला. त्यांना घरी बसवायला नको, त्यांना ढकलायला शिकवायला हवं, आणि ते शिकवणारा तुझ्यापेक्षा चांगला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आता शेवटचं. दोन्ही अहवाल मी कालच पाठवले. एकात नदीकाठच्या तीन खिडक्यांचे खरे आकडे आहेत. चौकटी आणि सांधे उत्तम, खिडक्या बदलायची गरज नाही, फक्त रबर नव्याने बसवावं, असा शेरा आहे, आणि बनवणारा माझा सख्खा भाऊ आहे, तेव्हा वाटल्यास दुसऱ्याकडून पुन्हा मोजून घ्यावं असंही लिहिलं आहे. दुसऱ्यात शाळेचं सगळं आहे, तारखेसकट, आणि तुला यातलं काही ठाऊक नव्हतं हे पहिल्याच ओळीत आहे. माझा परवाना जाईल. शनिवारी सकाळी आठला मी शाळेत जाणार आहे. मुख्याध्यापिकांना सगळं सांगून परवानगी घेतली आहे, त्या माझ्याशी बोलत नाहीत पण किल्ल्या देणार आहेत. बेचाळीस खिडक्यांचं रबर मी माझ्या हाताने बसवणार आहे. तू माणसं घेऊन आलास तर दोन दिवसांत होईल, नाही आलास तर मला पंधरा दिवस लागतील आणि ते मी देईन. तुला वाटेल की हे सगळं पाठवायच्या आधी सांगता आलं असतं, दारात येऊन सांगता आलं असतं. नसतं आलं. तू समोर बसून नुसतं टाचणी म्हणाला असतास तरी मी दोन्ही अहवाल तुझ्या हातात देऊन फाडायला सांगितलं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. एकदा तुझ्याकडे जिन्यातून नुसतं बघितलं होतं तर सहा वर्षं गेली. तू फोन उचलत नव्हतास तेवढेच दिवस मला मिळाले. त्यात मी ते लिहिले, सही केली, पाठवले, आणि आता परत घेता येणार नाहीत अशी खात्री झाल्यावर तुला पत्र लिहायला बसले.

तुझीच, अजून टोचणारी,
टाचणी